गुरुजींचा कॉम्प्युटर अन् बडनेऱ्याचा प्लॉट

अहो वहिनी, ऐकलंत का? आधी तो नळ बंद करा बाई, त्या आवाजात काही ऐकू येत नाही, अन् मला मोठ्यानं बोलायचं नाहीये. जरा इकडे सरका, कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या गुरुजींकडे भाऊबीजेला काय झालं ते कळलं की नाही? नाही? कमाल करता! अख्ख्या साईनगरला माहीत झालं. हां, तुम्ही तेव्हा परतवाड्याला माहेरी होतात, नाही का... म्हणूनच.

मी स्वतः होते ना तिथं. म्हणजे मुद्दाम नव्हते गेले हं, चिवड्याचा डबा परत करायचा होता काकूंचा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून चार अनारसे घातले, अन् अनारसे दिले म्हटल्यावर त्यांनी बसवून घेतलंच.

तर गुरुजींचा तो कॉम्प्युटर आठवतो ना? खिडकीतला, काकूंनी क्रोशाचा रुमाल घातलेला. २००९ सालचा, कोअर टू ड्युओ. रिटायर झाले तेव्हा आलेल्या पैशातून घेतला होता अन् घरोघरी पेढे दिले होते. नोकरीभर त्यांनी दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, वह्याच्या वह्या भरल्या, अन् मग दोन बोटांनी टाइप करून सगळ्या त्या कॉम्प्युटरात घातल्या. तोच हो. दसरा झाला अन् आजारी पडला. चालू केला की आतून टक... टक... टक. पडद्यावर ते विंडोजचे ठिपके गोल गोल फिरायचे, फिरून फिरून पुन्हा पहिल्यापासून. गुरुजी बिचारे चष्मा पुसत समोर बसून राहायचे. काकू म्हणाल्या, "माय वं, एवढं तर मी आजारी होती तेव्हा माह्याजवळ नाही बसले."

थोरला घेऊन गेला बाजारात, एका दुकानात. दुकानदारानं झाकणसुद्धा उघडलं नाही म्हणे. "काका, विंडोज दहा आता बंद झालं, अन् अकरा याच्यावर चढत नाही. भंगारात द्या, चाळीस हजारात नवा देतो." आता बंद झालं हे खरं आहे, २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टनं हात वर केले ते तुम्हालाही माहीत आहेच. अन् अकराला ती टीपीएम २.० नावाची चीज लागते, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. गुरुजींच्या मशीनला कुठली पिढी न् कुठलं काय. म्हणजे दुकानदार खोटं नव्हता बोलत. पण झाकण उघडायला काय जात होतं?

अन् थोरल्याचा उत्साह काय सांगू! एरवी बल्ब बदला म्हटलं तर आठ दिवस लावणारा माणूस, तो म्हणे, "बाबा, उद्याच भंगारवाल्याला बोलावतो. अन् आतली हार्ड डिस्क मी स्वतः हातोड्यानं फोडतो. आजकाल डेटा चोरीला जातो." मी तर ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, बापाची किती काळजी! आता कळलं कशाची काळजी होती ते... थांबा, सांगते ना, क्रमानं सांगू द्या.

पाडव्याला अकोल्याहून लेक आली, जठारपेठेतली. जावई, अन् ती नात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. धाकटाही पुण्याहून बायको-पोरांना घेऊन आलेला. भाऊबीज ना. घर भरलं. नात गाडीतून उतरली तीच बोलत, त्या रेकॉर्डवाल्या रस्त्यानं कसं सुर्रकन आलो म्हणून. तो हो, आपला अकोला-अमरावतीचा, २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं अन् गिनीज बुकात गेला तो. मी तेव्हा म्हटलं होतं, आमच्या गल्लीतला खड्डा बुजवायला त्यातला अर्धा तास दिला असता तरी... जाऊ द्या.

तर काय सांगत होते? हां, नात. तिनं आजोबांचं तोंड पाहिलं, कॉम्प्युटरला कान लावला अन् म्हणाली, "आबा, कॉम्प्युटर नाही मेला. त्याची हार्ड डिस्क जाऊन राहिली. बाकी सगळं धडधाकट आहे." अन् बॅगेतून काय काढलं? एवढीशी काळी डबी. तिच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली हार्ड डिस्क, तीनचारशे रुपयांच्या केसिंगमध्ये घातलेली, अन् तिला यूएसबीची वायर. म्हणे, ह्याच्यावर लिनक्स मिंट टाकून ठेवलंय, हलकंफुलकं एक्सएफसीई वालं, दोन जीबी रॅममध्येही चालतं. आबांचा कॉम्प्युटर ह्या डबीवरून चालू करू. आतल्या डिस्कला हात न लावता.

धाकटा लगेच सोफ्यावरून, पुणेरी आवाजात, "असं होत नसतं बाळा. विंडोज बाहेरच्या डिस्कवर बसतच नाही." तो आयटीत ना, त्याला सगळं येतं. पोट्टी काही दबली नाही. "बरोबर आहे मामा, विंडोजचं सेटअप यूएसबीवर बसायला साफ नाही म्हणतं. विंडोज आठच्या वेळी कंपन्यांसाठी विंडोज टू गो काढलं होतं, २०२० मध्ये तेही गुंडाळलं. पण हे विंडोज नाहीच ना." धाकट्याचा चेहरा अस्सा पडला! अन् थोरला... थोरला नुसता दारात उभा. मी तेव्हाच टिपलं होतं.

मला म्हणाली, "काकू, समजावून सांगू?" मी म्हटलं सांग बाई, आम्हाला काय कळणार. तर म्हणे, बटण दाबलं की आधी जागी होते ती मदरबोर्डवरची चिप, बायोस. तिला विंडोज माहीत नाही, लिनक्स माहीत नाही. तिच्याजवळ फक्त एक यादी असते, आधी कोणाकडे जायचं, मग कोणाकडे. लग्नातल्या मानपानाच्या यादीसारखी हो, आधी व्याही, मग मामा, मग आत्याबाई. यादीत पहिला जो भेटेल अन् ज्याच्याजवळ चालू व्हायचं सामान असेल, त्याच्या हाती घर देऊन बायोस मोकळी. म्हणजे आपण फक्त यादीत बाहेरच्या डिस्कला पहिला मान द्यायचा. झालं!

आता झालं म्हणायला सोपं. पहिल्यांदा लावली तर पुन्हा तेच ठिपके गोल गोल. जावई म्हणाले, "चला, चहा टाका." थोरल्याचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. पण पोट्टीनं डबी हातात घेतली, कानाशी धरली, तर ती पण टक-टक करून राहिली! काकू म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, हिलेही लागलं वाटते." तर लागण नव्हती ती. डबीला वीज कमी पडत होती. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळते म्हणे, अन् पुढच्या तोंडावरचं भोक म्हणजे आतून लांब वायर ओढलेली, तिथवर येईतो तेवढीही नीट पोचत नाही. म्हणून मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात घातली. टक-टक बंद, छान गुरगुर सुरू.

मग डिलीटचं बटण टकटक दाबून त्या निळ्या पडद्यात शिरली. मला वाटलं होतं तिथं काहीतरी भयंकर असेल, पण नुसत्या याद्या. फर्स्ट बूट डिव्हाइसमध्ये यूएसबी-झिप, यूएसबी-सीडीरॉम, यूएसबी-एचडीडी अशी नावं. तिनं यूएसबी-एचडीडी निवडलं, तरी नाही! धाकटा खुर्ची ओढून जवळ आला. आता तोही इरेला पेटला होता. मग तिला दुसरी यादी सापडली, हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी. जुन्या काही बायोसमध्ये बाहेरची डिस्क हार्ड डिस्कांच्या पंक्तीतच मोजतात, अन् आतलीच्या खाली बसवतात. शिवाय डबी आधी लावून मग मशीन चालू केलं तरच ती यादीत येते, नाहीतर नावच नाही. तिथं तिनं बाहेरचीला वर घेतलं, एफ दहा दाबून सेव्ह केलं... अन् वहिनी, पडद्यावर हिरवं पान उमटलं! गुरुजी उभेच राहिले. धाकट्यानं टाळी वाजवली.

हळू चालतं हं. ते जुनं यूएसबी २.०, कागदावर ४८० मेगाबिट, पण प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी जातात. आतली धडकी डिस्क याच्या दुप्पट-तिप्पट पळायची. चालू होईपर्यंत काकूंचा चहा उकळून गाळूनही झाला. पण एकदा उघडलं की बरं चालत होतं, गुरुजींनी लगेच कीर्तन लावून पाहिलं.

पाडव्याची रात्र अशी आनंदात गेली. अन् भाऊबीजेच्या सकाळी? पुन्हा ठिपके!

काय झालं, काकूंनी रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं. "उगाच लाइट कायले जाळायचा" म्हणून. सकाळी पाहतात तर कॉम्प्युटर सगळं विसरलेला. थोरला एवढा खुलला, एवढा खुलला, म्हणे, "मी म्हणत होतो ना? काऊन डोकं लावून राहिले तुम्ही सगळे? भंगारवाला दहाला येते, मी सांगून ठेवलंय." ऐकलंत? भाऊबीजेच्या दिवशी भंगारवाला!

नातीनं पडद्यावरची तारीख पाहिली. २००९ साल! हसायलाच लागली. म्हणाली, "आबा, सेल गेला." मदरबोर्डवर तो रुपयाएवढा गोल सेल असतो ना, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बायोसची यादी अन् घड्याळ त्याच्या जिवावर. तो मेला की भिंतीतली वीज गेल्याबरोबर मानपानाची यादी पुसली, पुन्हा आतलीच पहिली. अन् तारीख चुकली की इंटरनेटवरच्या वेबसाइटसुद्धा तोंड फिरवतात, सुरक्षित नाही म्हणतात. धाकटाच धावत गेला, घड्याळवाल्याकडून सेल आणला. नोटेतून सुट्टे परत आले एवढ्यात काम! चाळीस हजाराचं मशीन घ्यायला निघालेले हे लोक.

जावई मला हळूच म्हणाले, "काकू, पोरीच्या वर्गातल्या एका पोट्ट्यानं असाच उद्योग केला होता, तर बापाचा मार खाल्ला." काय, तर त्यानं बापाच्या कॉम्प्युटरवर बसून पेनड्राइव्हवर लिनक्स टाकलं, पण ते सुरुवातीचं बूटलोडर का काय ते पेनड्राइव्हवर टाकायचं सोडून बापाच्या डिस्कवर टाकलं. मग पेनड्राइव्ह खिशात घालून पोरगा होस्टेलला, अन् इकडे बापाचा कॉम्प्युटर सुरूच होईना! म्हणून ही नात म्हणे इन्स्टॉल करताना ज्या मशीनवर करते त्याच्या आतल्या डिस्कची वायरच काढून ठेवते. चुकायला जागाच नको. हुशार आहे हो. आईवर गेली.

तर... काय सांगत होते? हां. भाऊबीज.

सेल बसला, यादी बसली, हिरवं पान आलं. ओवाळणी झाली. धाकट्यानं बहिणीला पैठणी दिली. थोरल्यानं पाचशेची नोट ठेवली ताटात, अन् वर म्हणे, "यंदा जरा तंगी आहे, ताई." अहो, तंगी त्याची कायमचीच. गच्ची गळत होती तेव्हा अख्खा खर्च धाकट्यानं पुण्याहून पाठवला, कारण ह्याच्याकडे दमडी नव्हती. सूनबाईच्या पाटल्या किती वर्षं "पुढच्या दिवाळीला" चालल्या आहेत तुम्हालाही माहीत आहे. सगळ्यांनी मान डोलावली. बिचारा, म्हणाले.

जेवणं झाल्यावर नात म्हणाली, "आबा, आता आतली डिस्क अजून वाचता येते तोवर तुमचं सगळं बाहेर काढून घेऊ. जाणारी डिस्क सारखी सारखी चालू करायची नसते, पहिले सामान काढायचं." तिनं काढता काढता आतली डिस्क उघडली तर पडद्यावर सगळ्यांचे कप्पे. गुरुजींचा, काकूंच्या नावाचा, अन् थोरल्याचा. तो लग्नानंतर बरीच वर्षं तोच कॉम्प्युटर वापरायचा ना, आपलं वेगळं खातं काढून, पासवर्ड घालून.

थोरला एकदम पुढे झाला. "ते माझं आहे, त्यात काही नाही, ते राहू दे." पोट्टी म्हणाली, "बरं मामा," अन् माउस सोडला. तिचा काही दोष नाही हं, मी साक्षीला आहे. माउस घेतला गुरुजींनी. त्यांना वाटलं, नातवाच्या बारशाचे फोटो त्यात आहेत. केलं डबल क्लिक!

अहो, पासवर्ड मागितलाच नाही. थोरला म्हणतोय, "नाही उघडणार, पासवर्ड आहे, पासवर्ड आहे," अन् कप्पा उघडला सताड. कारण तो पासवर्ड विंडोजच्या दारावर होता. विंडोज चालूच नाही झालं तर दारावर उभं कोण राहणार? मशीन आता बाहेरच्या डिस्कच्या ताब्यात, अन् तिच्या दृष्टीनं आतली डिस्क म्हणजे नुसत्या फायली. कोणाच्या का असेना.

अन् त्या मिंटमध्ये फोटोंची छोटी छोटी चित्रं आपोआप दिसतात. नको ते नेमकं मोठ्ठं दिसत होतं. स्टॅम्पपेपर. खाली नाव, 'बडनेरा प्लॉट फायनल'.

वहिनी, पंख्याचा आवाज येत होता, बाकी कोणी नाही.

पहिली बोलली सूनबाई. एकच शब्द. "प्लॉट?" बस्स. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं! माझ्या हातातला अनारसा हातातच राहिला. लेकीनं ताटातल्या पाचशेच्या नोटेकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, अन् नोट उचलून नीट चार घड्या घालून कंबरेला खोचली. ते पाहून मला वाटलं, त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर परवडलं असतं. धाकटा कागदावरची तारीख मोठ्यानं वाचून राहिला. गच्ची गळत होती त्याच पावसाळ्यातली! त्याची बायको नखं पाहत बसली, पण ओठ असे... हसू दाबताना होतात तसे. अन् गुरुजी? चष्मा वर केला, शांतपणे म्हणाले, "फायनल आहे म्हणजे आधी कच्चाही असंल."

होता ना. खालीच होता. 'बडनेरा प्लॉट कच्चा एक', 'कच्चा दोन'. काळाठिक्कर पडला हो तो! म्हणे, "सरप्राइज द्यायचं होतं." सूनबाई म्हणाली, "केव्हा? तेराव्याला?"

तेवढ्यात बाहेर भंगारवाल्यानं हाक दिली. दहाचं सांगितलेलं, दोनला आला. काकू उठल्या, दारात गेल्या, म्हणाल्या, "नाही रे बाबू, भंगार नाही काही. सगळं कामाचंच निघालं." हसावं की रडावं कळेना मला.

आता तुम्ही म्हणाल भांडण जुंपलं असेल. जुंपलंच. पण त्या गदारोळात गुरुजी काय करत असतील? नातीला म्हणतात, "ते होऊ दे त्यांचं. माझ्या ओव्या दाखव." तिनं फाइल उघडली तर सगळी गिचमिड. अक्षर म्हणून नाही. त्या क्षणी मात्र गुरुजींचा चेहरा असा उतरला की भांडणारे चौघंही गप्प झाले. प्लॉटनं नव्हतं झालं ते ओव्यांनी झालं.

पण ते बिघडलेलं नव्हतं. गुरुजींनी टाइप केलं होतं ते सुरेख फॉन्टमध्ये, सी-डॅकचा तो जुना, शाळा-कचेऱ्यांमधून सगळीकडे चालायचा. युनिकोड रुळायच्या आधीचा. तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की मराठीची गिचमिड दिसते. नातीनं आतल्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्टच्या कप्प्यातून ती फाइल शोधली, बाहेरच्या डिस्कवर उतरवली, अन् फाइल पुन्हा उघडली. टपाटप अक्षरं उभी राहिली, वहिनी. 'पहिली माझी ओवी'पासून सगळ्या. गुरुजी म्हणाले, "असणारच. आपल्या मुरंब्याच्या माणसाचं काम आहे." विजय भटकरांबद्दल हो, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं तेव्हाचे पहिले प्रमुख, अन् १९९१ मध्ये परम ८००० ह्यांनीच उभा केला, अमेरिका महासंगणक देईना तेव्हा. गुरुजींच्या मते फॉन्टसुद्धा त्यांनीच बसून काढला. नातीनं सांगितलं की आबा, ते काम तिथल्या जिस्ट नावाच्या गटाचं होतं. गुरुजी म्हणाले, "तेच ते." आता त्यांच्याशी कोण वाद घालणार? बाहेर प्लॉटवरून महाभारत अन् आत हे दोघं ओव्या मोजतायत.

रात्री नातीनं सगळं डबीत उतरवलं, त्याची आणखी एक प्रत धाकट्याच्या लॅपटॉपवर ठेवली, म्हणे एकाच डिस्कवर भरवसा ठेवायचा नाही. मग मशीनचं झाकण उघडून आतल्या डिस्कची वायर काढून टाकली. थोरला म्हणाला, "दे, मी फोडतो." सूनबाईनं हात पुढे केला अन् डिस्क स्वतःच्या कपाटात ठेवली. कुलूप लावून!

त्याचं फळ पाहिलं ना तुम्ही? नव्या पाटल्या? तुळशीच्या लग्नात मुद्दाम बाह्या सावरून अक्षता टाकत होती ती. गच्चीचे अर्धे पैसेही धाकट्याला पोचले म्हणतात. मी काही विचारायला गेले नाही बाई, काकूंनीच सांगितलं.

अन् गुरुजींची वेगळीच मजा. आता ते अकोल्याला लेकीकडे निघाले की डबी सदऱ्याच्या खिशात. तिथं नातीच्या कॉम्प्युटरला लावायची अन् यादीत वर घ्यायची, की तिथं ह्यांचंच सगळं उघडतं, ह्यांचा गणपतीचा फोटो, ह्यांच्या ओव्या, अर्धवट टाइप केलेली ओळसुद्धा जिथं सोडली तिथंच. लिनक्सला मशीन बदललेलं चालतं, आपल्या हातानं ओळख करून घेतं. नातीनं ती डबी जुन्या बायोसलाही चालेल अन् नव्या यूईएफआयलाही चालेल अशी दोन्ही सोय करून बनवली आहे. सूनबाई जरा धास्तावली आहे. सासरे आता केव्हाही निघतात ना, अडकायला इथं काही राहिलंच नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे, म्हणून तर तुम्हाला हाक मारली. ही बातमी फुटली अन् कॉलनीतले पुरुष कसे हवालदिल झालेत म्हणता! परवा त्या अकोल्याच्या जावयांनीच आपल्या पोरीला बाजूला घेऊन विचारलं, "बेटा, आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरचंही असंच दिसते काय वं?" तीच म्हणाली मला फोनवर. ती म्हणे, बाबा, सगळ्यांचंच दिसते, कुलूप डिस्कला घातलं नसेल तर. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, मिंट टाकताना एन्क्रिप्टची चौकट असते, ते केलं तरच फायली बंद. नुसता पासवर्ड म्हणजे काही नाही. तर हे म्हणतात, "मग बायोसलाच पासवर्ड घालू." ती म्हणाली, घाला ना, पण जुन्या डेस्कटॉपचा तो गोल सेल काढला की बहुतेक तोही पासवर्ड जातो. दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता म्हणे.

समोरच्या पिवळ्या गेटवाल्यांनी तर डिस्क काढून बँकेच्या लॉकरात ठेवली असं ऐकते. त्यांच्या बायकोला सांगितलं, "फॅमिलीचे फोटो आहेत." त्यांनी आयुष्यात कधी फोटो काढलेत?

आमच्या ह्यांचं मला माहीत आहे, ह्यांना डबल क्लिकच येत नाही. मी निर्धास्त. पण वहिनी, एक विचारू? रागावू नका हं. काल दुपारी तुम्ही भिशीला गेलात अन् इकडे भाऊजी शिडी लावून माळ्यावर चढले होते. मी गच्चीवर वाळवण पाहत होते, दिसलं आपलं. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, अन् हातात तो तुमचा जुना कॉम्प्युटर. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं का? नाही?

बाई गं... नातीचा नंबर लिहून घेता का?